डबा घेऊन चांद्याला

हल्ली चांद्याकडे जाणारा माणूस वाघ बघायला जातो, अशी लोकांची ठाम समजूत आहे. गेल्या दिवाळीत नागपूरहून चंद्रपूरच्या गाडीत बसलो, तेव्हा समोरच्या बाकावरील कुटुंबवत्सल गृहस्थांनी पहिलाच प्रश्न टाकला, "कुठलं गेट? मोहर्ली की कोलारा?"

ताडोबाच्या जंगलात शिरण्याची ही दारे. मी म्हणालो, "जटपुरा गेट."

गृहस्थ विचारात पडले. जटपुरा हा चंद्रपूर गावाच्या कोटाचा दरवाजा. त्यातून सायकली, हातगाड्या नि शाळेची पोरे जातात. वाघ जात नाही. मग माझ्या मांडीवरील पिशवीकडे त्यांचे लक्ष गेले. जुन्या टॉवेलात गुंडाळलेला एक डबा तिच्यातून डोकावत होता. "फराळाचा वाटतं?" त्यांच्या सौभाग्यवतींनी कौतुकाने विचारले. मी होय म्हणून टाकले. डब्यात चकल्या नसून मारिओ आहे, हे सांगायला मला त्या वेळी धीर झाला नाही.

तर हा डबा म्हणजे टीव्हीवर खेळ खेळण्याचे यंत्र. जपानच्या निन्टेन्डो कंपनीने 15 जुलै 1983 रोजी 'फॅमिकॉम' नावाचे यंत्र बाजारात आणले. पुढे तैवानात त्याच्या हुबेहूब नकला निघू लागल्या आणि नव्वदच्या सुमारास त्या आपल्याकडच्या बाजारांत येऊन थडकल्या. आमचा डबा त्यातलाच. 1992 साली बाबांनी तो नागपूरच्या सीताबर्डीवरून आणला. बाबा जंगलखात्यात, बिऱ्हाड आलापल्लीला. दादा तेव्हा दहावीत आणि मी सातवीत. दादाला डबा मिळाला तो सहामाही परीक्षेत पहिला आला म्हणून, मला मिळाला तो दादाचा भाऊ म्हणून.

आलापल्लीत तेव्हा संध्याकाळी सातनंतर जंगल आणि आपण असे दोघेच उरत असू. त्या अंधारात आमच्या बैठकीच्या खोलीत तो मिशीवाला मारिओ टुणटुण उड्या मारी आणि खिडकीच्या गजांना शेजारची पाच-सात पोरे लटकलेली असत. दादाचा डावा कान लहानपणी वाहून वाहून निकामी झाला होता. पडदा फाटला, दवाखाना लांब, पावसाळ्यात नाल्यांना पूर. व्हायचे ते होऊन गेले. म्हणून मी नेहमी त्याच्या उजव्या हाताला बसे. दुसऱ्या खेळाडूची जागा ती, असे आमच्या घरात ठरूनच गेले होते.

1996 साली मी पुण्याला कॉलेजात आलो. येताना डबा बरोबर आणला. "दिवाळीत परत आणतो," असे दादाला सांगितले होते. दिवाळी आली तेव्हा खोलीतल्या मित्रांची स्पर्धा रंगात आली होती. मी पत्रात लिहिले, "डबा बिघडला आहे. दुरुस्त झाला की आणतो."

वाचकहो, डबा बिघडला नव्हता. तो बिघडला पुढे आठ वर्षांनी, माळ्यावर, आपणहून. खोटे बोललेले कधी ना कधी खरे होते, एवढेच समाधान.

गेल्या वर्षी दादाच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली. माणूस घरी बसला. एरवी सागवानाच्या फळ्या मोजण्यात ज्याचा दिवस जायचा, तो छताच्या फळ्या मोजू लागला. एके रात्री फोनवर त्याने इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर सहज विचारले, "का रे, तो डबा दुरुस्त झाला का?"

अठ्ठावीस वर्षांनी! मी म्हणालो, "होतोच आहे."

पुण्यात दोन ठिकाणी डबा दाखवला. पहिल्या दुकानदाराने मला नव्या यंत्राचे भाव सांगितले. दुसरा तरुण जरा उत्साही होता. तो म्हणाला, "काका, आतलं सगळं काढून टाकतो आणि एक छोटा कॉम्प्युटर बसवतो. हजारो गेम्स येतील." बाहेरून आपला डबा आणि आत दुसराच कुणी, ही कल्पना मला रुचेना. तेव्हा आठवण झाली ती चंद्रपूरच्या मिस्त्रींची. आमच्या लहानपणी जिल्ह्यातले टीव्ही, रेडिओ नि टेपरेकॉर्डर त्यांच्याच हाताखालून जात. दादाने सांगितले, मिस्त्री आहेत, दुकानही आहे. मात्र भाऊबीजेच्या आत जा, मग ते सापडायचे नाहीत.

का सापडायचे नाहीत, ते ओघाने येईलच.

वसुबारसेच्या दिवशी मी चंद्रपूरला उतरलो. 1964 पर्यंत कागदोपत्रीही हा चांदाच होता. म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी अजून आहे. गोंड राजांची ही राजधानी. इरई आणि झरपट या नद्यांच्या बेचक्यात वसलेली, भोवती दगडी कोट. दरवाजांवर हत्तीला लोळवणारा सिंह कोरलेला आहे. कोटाबाहेर कोळशाच्या खाणी आणि 2920 मेगावॅटचे औष्णिक वीजकेंद्र. कोटाच्या आत मात्र जुने गाव आपल्या गतीने चालले आहे. मी अंचलेश्वराचे दर्शन घेतले, शेजारची बीरशहाची समाधी पाहिली. राणी हिराईने आपल्या पतीसाठी ती बांधली. बायकांसाठी राजांनी बांधलेल्या इमारतींची वाहवा आपण रोज ऐकतो. चांद्याच्या राणीने नवऱ्यासाठी बांधलेले हे काम बघायला मात्र गाडी मुद्दाम वळवणारे थोडे. असो.

मिस्त्रींचे दुकान जटपुरा दरवाजाच्या आतल्या एका बोळात निघाले. दुकानात कर्ण्यांची नि ध्वनिवर्धकांची इतकी दाटी, की मिस्त्री दिसायच्या आधी त्यांचा आवाजच बाहेर आला, "या भाऊ, पाय सांभाळून. वायर हाय."

मी टॉवेल सोडला. मिस्त्रींनी डबा हातात घेऊन तान्ह्या मुलासारखा उलटसुलट केला. सत्तरीचे गृहस्थ, भिंगाचा चष्मा कपाळावर आणि साधा चष्मा नाकावर.

"पुण्यात सांगतात, टाकून द्या."

"काहून टाकता? जपानी डोक्स्याची वस्तू हाय. नक्कल असली म्हनून का झालं? अक्कल तर त्याचीच हाय ना!"

चार स्क्रू निघाले. आत वीस-पंचवीस वर्षांची धूळ आणि झुरळाची एक रिकामी अंडी. मिस्त्रींनी ब्रशाने धूळ झाडली, तेव्हा दोन लांबट काळे किडे समोरासमोर दिसू लागले. प्रत्येकाला चाळीस पाय. "हा हिशेब करते आन् गाते," पहिल्यावर बोट ठेवून ते म्हणाले, "आन् हा चित्र काढते. बाकी सारे नोकरचाकर."

सुकलेले दोन कपॅसिटर त्यांनी बदलले, वीज पाच व्होल्टांवर आणणाऱ्या तुकड्याचे टाके पक्के केले आणि डब्याचा लाल दिवा लागला. एवढ्यावर काम झाले असते. पण टीव्हीवर जे चित्र आले, ते पाहून माझा चेहरा पडला. सगळीकडे मुंग्या, रंग एकमेकांत सांडलेले, आवाजाला सतत घरघर.

"लहानपणी तर छान दिसायचं," मी म्हणालो.

"लहानपनी सारंच छान दिसते, भाऊ."

मग त्यांनी जे समजावले, ते मी माझ्या शब्दांत सांगतो. त्या काळच्या टीव्हीला चित्र आत घेण्याचे एकच दार माहीत होते, ते म्हणजे अँटेनाचे. म्हणून डब्यात एक पत्र्याची डबी असे. ती या चांगल्या चित्राचे आणि आवाजाचे दूरदर्शनसारखे प्रक्षेपण बनवी, आणि टीव्ही ते पुन्हा सोडवून त्याचे चित्र करी. माजघरातून ओसरीवर द्यायची चिठ्ठी आधी नागपूरच्या टपाल कचेरीत टाकायची आणि मग पोस्टमनने ती ओसरीवर आणायची, तसला हा प्रकार. चिठ्ठी पोचते, पण चुरगाळून. आता तर दूरदर्शनचे जुन्या पद्धतीचे जमिनीवरील प्रक्षेपणही जवळपास सगळीकडे बंद झाले आहे. पोस्ट उठले, तरी आमची चिठ्ठी मात्र जुन्याच वाटेने चाललेली.

"मंग आपन चिठ्ठी हातोहात देऊ," मिस्त्री म्हणाले.

चित्र काढणाऱ्या किड्याच्या एकविसाव्या पायावर चित्र तयारच उभे असते. खाचेजवळच्या पायापासून घड्याळाच्या उलट्या दिशेने मोजीत जायचे. मिस्त्रींनी दोनदा मोजले, मला एकदा मोजायला लावले. त्या पायाशी बारीक तार डागली. मात्र तिथला प्रवाह दुबळा. तो थेट टीव्हीपर्यंत धावत नाही. वाटेत एक ट्रान्झिस्टर आणि दोन-तीन रेझिस्टर बसवून त्याला जोर द्यावा लागतो. शेवटी एक कपॅसिटर आणि डब्याच्या पाठीला पिवळे भोक. पत्र्याच्या डबीकडे जाणारी वाट त्यांनी तोडून टाकली. ती चालू राहिली, तर चित्रावर उभ्या रेघा उमटतात.

डबा पुन्हा लावला. मंडळी, काय सांगू! आभाळ निळे झाले. मारिओच्या टोपीची कड दिसू लागली. ढग आणि झुडूप यांचा आकार एकच आहे, नुसता रंग निराळा, हे मला वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी प्रथम कळले.

माणसाला सुख मिळाले की लोभ सुटतो. मी वाचून आलो होतो, तेव्हा म्हणालो, "मिस्त्री, आवाज स्टीरिओ करता येईल म्हणतात."

मिस्त्रींनी चष्मे अदलाबदल केले. "येते ना. पन खरा नाही. वाटनी होते नुसती."

हेही समजण्यासारखे आहे. या यंत्राला गळे पाच. दोन गळे चाल आणि तिची साथ गातात, तिसरा खर्जातला, चौथा खरखर करून ताशाचे काम करतो आणि पाचवा ध्वनिमुद्रित तुकडे वाजवतो. हिशेब करणाऱ्या किड्याच्या पहिल्या पायातून पहिले दोन गळे बाहेर पडतात आणि दुसऱ्या पायातून उरलेले तीन. बाहेर येताच त्यांना एकत्र करून एकाच तारेत घातलेले असते. कोजी कोंडो या संगीतकाराने 1985 साली मारिओची चाल बांधली, ती या एकत्र कुटुंबासाठीच. आता दोन्ही पायांच्या तारा वेगळ्या काढल्या, तर डावीकडे गाणे आणि उजवीकडे खर्ज नि ताशा. ऐकायला खोली एकदम मोठी झाल्यासारखी वाटते. पण हिशेबात ही भावाभावांची वाटणीच!

"करा वाटणी," मी म्हणालो.

ती झाली. हेडफोन कानाला लावला आणि मी चक्क दुकानात डोलू लागलो. मिस्त्री मात्र एका छोट्या डबीत काहीतरी शोधीत होते. त्यांनी एक बारकी कळ काढली आणि डब्याच्या कडेला भोक पाडू लागले.

"ही कशाला?"

"ही इकडं केली का दोन्ही कानाले सारं जाते. पयल्यासारखं."

"पण पहिल्यासारखं कोण ऐकणार आता?"

तेव्हा मिस्त्रींनी हातातले काम खाली ठेवले. ते भाऊबीजेनंतर का सापडत नाहीत, याचा उलगडा झाला. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया हा झाडीपट्टीचा मुलूख. दिवाळी झाली, धान घरात येऊ लागले, की इथे नाटकांचा हंगाम सुरू होतो. वडसा हे त्याचे माहेर. तिथे मंडळ्यांची कार्यालये थाटलेली असतात. गावोगावी मंडई भरते, रात्री दहाला पडदा उघडतो आणि पहाटेपर्यंत नाटक चालते. हजारो माणसे घोंगडी पांघरून बसतात. याच रंगभूमीवरील परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली. मिस्त्रींची चाळीस वर्षे अशा मांडवांत ध्वनिवर्धक बांधण्यात गेली.

"एका साली मीबी हौस केली," ते सांगू लागले. "गानारी बाई डाव्या कर्न्यात, आन् तबला-ऑर्गन उजव्यात. मधात बसले ते खूश. पन उजव्या अंगाले, खांबाच्या मागं, एक म्हातारा बसला होता. त्यानं मले इंटरव्हलले विचारलं, 'मिस्त्री, आज बाई गात काहून नाही?' खांबामागं बसनाराबी तिकिटाचे पैसे देऊनच येते ना, भाऊ! तवापासून मी दोन्ही कर्न्यात सारंच सोडतो."

मला गोष्ट आवडली. पण तिचा माझ्याशी काही संबंध असेल, असे मनात आले नाही. कळ बसली. दोन दिवसांच्या कामाचे मिस्त्रींनी जे पैसे सांगितले, ते पुण्यात पिशवी उघडायलाही पुरले नसते.

नरकचतुर्दशीला सकाळच्या एस.टी.ने आलापल्लीला निघालो. बल्लारपूरला कागदाच्या गिरणीचा ओळखीचा वास आला आणि लाकडाचे डेपो दिसले. 2023 साली अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी सागवान गेले ते इथूनच. पुढे गोंडपिपरी, आणि आष्टीला वैनगंगा. पूल ओलांडला की गडचिरोली जिल्हा. 26 ऑगस्ट 1982 रोजी तो चांद्यापासून वेगळा झाला. तीही एक वाटणीच. दिवाळीतली वैनगंगा भरलेली असली तरी आता शांत झालेली असते. काठाच्या वाळूत कोवळे ऊन पडले होते.

आष्टीच्या पुढचा रस्ता मला ओळखू आला नाही. लहानपणी इथे तासातासाने एखादे वाहन दिसे. आता सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक एकामागून एक जातात नि रस्त्याकडेच्या झाडांची पाने तांबूस दिसतात. पण थोडे आत पाहिले, की तोच साग, सरळ उभा, कुणाची ओळख न विसरलेला. याच रस्त्याने पुढे भामरागडकडे हेमलकसा लागते. तिथे 1973 साली बाबा आमट्यांनी लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि प्रकाश व मंदाकिनी आमटे यांनी जंगलात दवाखाना उभा केला. दादाचा कान बिघडला तेव्हा आम्ही दुसऱ्या टोकाच्या गावात होतो, मध्ये तीन नाले होते. दवाखाना असून उपयोग नसतो. वाट असावी लागते. आज त्यांतल्या बऱ्याच नाल्यांवर पूल झालेले दिसले. तांबड्या धुळीचा राग करावा की पुलांचा आनंद मानावा, हे एस.टी.त बसून मला ठरवता आले नाही.

दादा दारातच उभा होता. वाळला होता. शर्टाच्या गळ्यातून टाक्यांची वरची खूण दिसत होती. "आणलास?" एवढेच म्हणाला.

रात्री जेवणे झाल्यावर डबा भिंतीवरच्या टीव्हीला जोडला. वहिनींना पहिल्यापासून बदकांच्या शिकारीचा सोस. पण बदके काही मरेनात. त्या बंदुकीत गोळी नसते, एक डोळा असतो. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होऊन बदकाच्या जागी पांढरा चौकोन चमकतो आणि बंदुकीचा डोळा तो टिपतो. जुन्या काचेच्या टीव्हीवर हे बिनचूक जमे. नवा चपटा टीव्ही चित्र दाखवायला निमिषभर उशीर लावतो, तोवर बंदुकीने डोळा मिटलेला असतो. बदके अमर झाली. वहिनी म्हणाल्या, "बरं झालं, दिवाळीत हत्या नको," आणि झोपायला गेल्या.

आई आतल्या खोलीत झोपली होती. म्हणून मी मोठ्या ऐटीत हेडफोन काढला आणि दादाच्या डोक्यावर चढवला. "आता ऐक. स्टीरिओ केलाय!"

दादाने मारिओ सुरू केला. थोडा चालला, दोन उड्या मारल्या, थांबला. त्याच्या कपाळाला आठी पडली.

"गाणं कुठं गेलं रे? नुसता ढोल वाजून राहिला."

"आवाज कमी असेल." मी आवाज वाढवला.

"नाही. विटा फुटलेल्या ऐकू येतात. पण नाणी वाजत नाहीत, उडी वाजत नाही." मग माझा चेहरा पाहून घाईघाईने म्हणाला, "ठीक आहे रे, चित्र मात्र झकास आहे."

गाणे डावीकडे होते. दादाचा डावा कान पस्तीस-चाळीस वर्षांपूर्वी गेला होता. लहानपणी ज्याच्या उजव्या हाताला बसायला मला कुणी सांगावे लागत नसे, त्याच्यासाठी मी चांद्याला जाऊन, पैसे मोजून, गाणे नेमके बहिऱ्या कानात घालून आणले होते. आणि तो मलाच सांभाळून घेत होता. मला पुण्याहून लिहिलेले ते जुने पत्र आठवले. तेव्हाही त्याने उलट विचारले नव्हते.

मी डब्याच्या कडेची कळ दाबली.

दादा दचकला. मग त्याचे ओठ आपोआप हलू लागले. ती चाल तो तोंडाने म्हणत असे, तशीच म्हणू लागला. एका कानाने का होईना, सगळे कुटुंब पुन्हा एका घरात आले होते. चांद्याच्या बोळातल्या मिस्त्रींना मी मनोमन हात जोडले. खांबामागचा माणूस माझ्याच घरी होता आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

"दादा," मी त्याच्या उजव्या बाजूला सरकून म्हणालो, "1996 साली मी लिहिलं होतं ना, की डबा बिघडला म्हणून. तो बिघडला नव्हता."

हेडफोनमुळे त्याला ऐकू आले की नाही, कुणास ठाऊक. पडद्यावरची नजर न काढता त्याने दुसरा खेळाडू निवडला आणि चालवायची दुसरी पट्टी माझ्याकडे सरकवली.

"आता दुरुस्त झाला ना? मग खेळ."

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मी निघालो. पिशवी हलकी होती. तिच्यात वहिनींनी खरोखरच चकल्या घातल्या होत्या. डबा आलापल्लीलाच राहिला.